दोन सेंटीमीटर नऊ मिलिमीटर

धडगावहून पत्र आलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. गणपुलेकाकांनी ते नेहमीच्या एकसुरी आवाजात वाचून दाखवलं.

"आज १४ मे. आम्ही १२ वाजून ३१ मिनिटांनी सपाट जागेवर अर्ध्या मीटरची काठी सरळ उभी केली. आकाश निरभ्र होतं. पाठात लिहिल्याप्रमाणे सावली नाहीशी व्हायला हवी होती. ती झाली नाही. दोन सेंटीमीटर नऊ मिलिमीटर राहिली. बावीस मुलं बघत होती. लहान मुलं म्हणतात, पुण्याचा सूर्य वेगळा असेल. आमचं काही चुकलं, की पाठाचं? जयवंती पावरा, इयत्ता आठवी."

"काठी वाकडी धरली असणार," ऋजुता कर्णिक लगेच म्हणाली. "लिहा त्यांना. काठी सरळ धरा, मग मोजा."

"एवढंच?"

"एवढंच."

उत्तर गेलं.

गणपुलेकाका हे काही कुणाचे काका नव्हते. मुळा-मुठा विद्यापीठाच्या मुक्त पाठ विभागात काम करणारा तो एक यंत्रमानव होता. त्याला बनवणाऱ्या बाईंचं आडनाव गणपुले होतं, आणि ते त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर कोरलेलं होतं, म्हणून मुलं त्याला काका म्हणत. २०५८ साली या विभागात हजारो पाठ जमा झाले होते. त्यांना मुक्त शैक्षणिक साधने म्हणत (म्हणजे शिकण्यासाठी कुणीही पैसे न देता वापरावेत असे पाठ, चित्रं, प्रयोग आणि पुस्तकं). पाठ कुणीही लिहावा, प्राध्यापकांनी किंवा आठवीतल्या मुलीनेही. तपासणीत उतरला की तो सगळ्यांसाठी खुला होई.

ऋजुताची आई याच इमारतीत वर वनस्पतिशास्त्र शिकवायची. त्यामुळे सुट्टीभर ऋजुता खाली गणपुलेकाकांपाशी. 'सावली नाहीशी होते तो दिवस' हा तिचा पहिला पाठ. चार महिने खपून लिहिलेला. त्यातली अकरा चित्रं तिने स्वतः शाईने काढली होती. आजच विद्यापीठाच्या अंगणात सदतीस मुलांसमोर काठीची सावली खरोखर नाहीशी झाली होती, आणि टाळ्यांचा आवाज तिच्या कानांत अजून होता.

"पत्रासोबत एक छायाचित्र आहे," गणपुलेकाका म्हणाले. "तू थांबली असतीस तर दाखवलं असतं."

छायाचित्रात डोंगरावरची मोकळी जागा होती. बांबूची काठी, आणि तिच्या शेजारी दोरीला बांधून सोडलेला दगड. काठी दोरीशी अगदी समांतर होती.

"सरळ आहे," ऋजुता हळूच म्हणाली.

"तुमच्या अंगणातल्यापेक्षा थोडी जास्तच. तुमची मी मोजली होती."

"मग सावली का गेली नाही?"

गणपुलेकाकांनी तिच्या डब्याशेजारचं अर्धं कलिंगड उचललं. कापलेली बाजू खाली करून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या पाठीवर, थोड्या अंतरावर, दोन दात कोरायच्या काड्या उभ्या टोचल्या. "ही पुण्याची. ही धडगावची, नंदुरबार जिल्ह्यातली. पुण्याच्या सरळ उत्तरेला मोजलं तर तीनशे सहासष्ट किलोमीटर वर. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत एकमेकांना समांतर येतात. माझा दिवा जवळचा आहे, म्हणून मी लांब जातो."

ते भिंतीपाशी गेले आणि कपाळावरचा दिवा लावला आणि पुण्याची काडी थेट दिव्याकडे रोखलेली होईपर्यंत मान उंच केली. पुण्याच्या काडीची सावली नाहीशी झाली. दुसऱ्या काडीची मात्र बारीक सावली पडली.

"कलिंगड गोल आहे म्हणून," ऋजुता म्हणाली. "ताटात टोचल्या असत्या तर दोन्ही सावल्या एकदमच गेल्या असत्या."

"बरोबर. प्रत्येक गावाचा अक्षांश वेगळा (विषुववृत्तापासून ते गाव किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, तो आकडा). मे महिन्यात सूर्य नेमका डोक्यावर येण्याची जागा रोज थोडी उत्तरेकडे सरकते. आज ती पुण्यावर आहे. धडगावला पोचेल ३० मेला. पुढे कर्कवृत्तापर्यंत जाऊन जुलैत परत येईल, पण तेव्हा आकाशात ढग. आता तुझ्या पाठातलं पहिलं वाक्य वाच."

ऋजुताने वाचलं. "'१४ मे रोजी दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी काठीची सावली नाहीशी होते.'"

"कुठे?"

तिने वाक्य पुन्हा वाचलं. कुठे ते तिने लिहिलंच नव्हतं. ते लिहायला हवं हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"वाईट वाटून घेऊ नकोस. पुण्यात लिहिलेल्या पाठांमध्ये ही चूक वारंवार सापडते, असं माझ्या नोंदी सांगतात."

"गणपुलेकाका!"

"मी फक्त नोंद सांगितली. पत्राचं दुसरं पान वाचू?"

दुसऱ्या पानावर अर्ज होता. पाठ जमा करताना लेखकाला परवाना निवडावा लागे (म्हणजे इतरांनी आपल्या पाठाचं काय करावं याची लेखी मुभा). ऋजुताने 'वाचा, पण बदलू नका' हा परवाना निवडला होता, कारण तिच्या चित्रांना कुणी हात लावलेला तिला चालणार नव्हता. म्हणून जयवंतीला विचारावं लागत होतं. तिला पाठ पावरी भाषेत करायचा होता. तारखेच्या जागी प्रत्येक गावाची तारीख काढण्याचा तक्ता घालायचा होता. लोखंडी स्टँडऐवजी बांबू आणि दगड. चौसष्ट पाड्यांवरचे शिक्षक तयार होते. नव्या पाठाच्या तपासणीला पंधरा दिवस लागतात, म्हणजे आज पाच वाजेपर्यंत परवानगी मिळाली तरच पाठ ३० मेच्या आधी तिथे पोचणार होता. नाहीतर पुढचं वर्ष.

अर्जासोबत कच्चा मसुदा होता. ऋजुताने तो उघडला, चुका सापडतील या आशेने.

चुका सापडल्या नाहीत. शेवटच्या पानावर मात्र तिच्या पाठात नसलेला एक प्रयोग होता. 'सावली गेली नाही तर?' असं त्याचं नाव. जयवंतीने लिहिलं होतं: सावली उरली तर रागावू नका, मोजा. त्याच दिवशी दुसऱ्या गावात सावली शून्य असेल, तर या दोन आकड्यांवरून पृथ्वीचा घेर काढता येईल का?

तिने प्रश्न विचारून सोडला होता. उत्तर काढलेलं नव्हतं.

ऋजुताच्या पोटात काहीतरी आवळलं गेलं. पाठ तिचा, काठीची कल्पना तिची, चार महिने तिचे. आणि त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट कुणा दुसरीलाच सुचली होती, तीही प्रयोग फसल्यावर. तिच्या अंगणात सदतीस मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि ती खूश होऊन आत आली होती. तिकडे टाळ्या वाजल्या नाहीत, तर ती मुलगी विचार करत बसली.

"परवानगी नाही," ती म्हणाली. "पाठ माझा आहे. तारीख मीच दुरुस्त करते."

"ठीक. एक विचारू? जयवंतीने पाठ बदलून घेतला, तर तुझ्याकडचं काय कमी होईल?"

"म्हणजे?"

"मी मोजायचा प्रयत्न करतोय. तू तिला तुझी सायकल दिलीस तर तुझ्याकडे सायकल राहणार नाही. पाठाची प्रत दिलीस तर तुझा पाठ तुझ्याकडे आहे तसाच. अकरा चित्रंही. मला उणे काही सापडत नाही."

"तुम्हाला नाही कळायचं."

"शक्य आहे. मला पोट नाही."

ऋजुताने आपला पाठ दुरुस्तीसाठी उघडला. पहिल्या वाक्यात 'पुण्यात' हा शब्द घातला. मग थोडं थांबून शेवटी नवीन मथळा टाकला: 'सावलीवरून पृथ्वीचा घेर'. बोटं भराभर चालू लागली. अर्धा मीटर काठीला दोन सेंटीमीटर नऊ मिलिमीटर सावली, म्हणजे किरण काठीशी ३.३ अंशांचा कोन करतात. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं. त्यात ३.३ अंश सुमारे एकशे नऊ वेळा बसतात. म्हणून पुणे ते धडगाव हे उत्तर-दक्षिण अंतरही पृथ्वीभोवती एकशे नऊ वेळा बसेल. तीनशे सहासष्ट गुणिले एकशे नऊ. एकोणचाळीस हजार आठशे चौऱ्याण्णव किलोमीटर! खरा घेर चाळीस हजारांच्या जवळपास. बांबूची एक काठी आणि एक मोजपट्टी, आणि सगळी पृथ्वी मोजून झाली.

तिने 'जमा करा' दाबलं. पडद्यावर एक रिकामी चौकट आली: *२.९ सेंमी हे मोजमाप कोणी, कुठे घेतलं?*

"ही चौकट काढा ना," ती म्हणाली.

"ती निघत नाही. मुक्त पाठात सगळं वाटून घेता येतं, फक्त नाव पुसता येत नाही. हवं तर तुझं स्वतःचं मोजमाप वापर."

तिचं स्वतःचं मोजमाप होतं शून्य. शून्याला तीनशे सहासष्टाने गुणलं काय आणि भागलं काय, पृथ्वी काही सापडत नव्हती. एकट्या पुण्याने पृथ्वी मोजलीच जाणार नव्हती. तशी ती एकट्या धडगावनेही मोजली जाणार नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तिला फोन लावता येईल?"

पडद्यावर जयवंती आली. दोन वेण्या, घामेजलेला चेहरा, मागे मुलांचा गलका.

"तू ऋजुता का? काठी सरळ धरा म्हणणारी?"

"हो," ऋजुता म्हणाली. "काठी सरळच होती. चूक माझ्या पाठात होती. गाव लिहायचं राहिलं."

"मला वाटलंच. पण तुमच्या विद्यापीठाचा शिक्का होता ना त्यावर, म्हणून मी दोन तास आमचीच चूक शोधत बसले. त्या उन्हात." तिने कपाळावरचा घाम पुसला. "परवानगी देणार आहेस का? का जळतेस?"

ऋजुताचे कान तापले. खोटं बोलायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"जळते," ती म्हणाली. "तुझं शेवटचं पान मला सुचायला हवं होतं. आत्ता मी ते माझ्या नावावर टाकणार होते."

मग जयवंती म्हणाली, "मग टाकलं का नाहीस?"

"तुझा आकडा लागतो."

जयवंती खळखळून हसली. मागे वळून ती पावरीत काहीतरी ओरडली आणि मागची मुलंही हसली. "तुझी चित्रं बघून मीसुद्धा जळले होते," ती म्हणाली. "माझा हात असा चालत नाही. ती वगळणार नाही मी. फक्त पहिल्या चित्रातला तो बाक खोडायचाय. आमच्याकडे बाक नाही, मोहाचं झाड आहे. तू काढून देशील?"

"फोटो पाठव झाडाचा."

ऋजुताने परवाना उघडला. 'वाचा, पण बदलू नका' वरची खूण काढली. खाली दुसरा होता: 'वापरा, बदला, वाटा. आधीच्यांची नावं ठेवा. पुढच्यांनाही हीच मुभा द्या.' तिने त्यावर खूण केली. मग रिकाम्या चौकटीत लिहिलं: जयवंती पावरा, धडगाव. पोटातलं आवळणं काही लगेच गेलं नाही. तसंच राहिलं, आणि ते तसंच असताना ती मोहाचं झाड काढायला बसली.

"नोंद घेतोय," गणपुलेकाका म्हणाले. "सकाळी तुझा पाठ सगळ्यांना सारखाच मिळत होता, पण खरा ठरत होता फक्त एका अंगणात. आता तो ज्याच्या त्याच्या अंगणात खरा ठरेल. याला समन्याय म्हणतात (ज्याला जे लागतं ते त्याच्यापर्यंत पोचणं)."

"काका, जरा गप्प बसा. झाडाची पानं चुकतायत माझी."

३० मेला चौसष्टपैकी एकोणसाठ पाड्यांवर सावली नाहीशी झाली. पाच ठिकाणी ऐन वेळी ढग आला. दोघी फोनवर आकडे जुळवत असताना गणपुलेकाकांनी मधेच सांगितलं, "सिंधुदुर्गातून एक पत्र आहे. सावंतवाडीजवळच्या शाळेचं. त्यांच्याकडे हा दिवस मेच्या सुरुवातीलाच होऊन गेला, म्हणून त्यांनी पुढच्या वर्षासाठी पाठ आत्ताच बदललाय. मालवणीत केलाय. पान आठवर बांबू काढून माडाच्या झावळीचा दांडा घातलाय. आणि सावली दिसत नाही अशा मुलांसाठी एक नवीन भाग जोडलाय. सूर्य डोक्यावर आलाय हे हाताला कळावं म्हणून उभी पोकळ नळी घ्यायची आणि तळाशी तळहात धरायचा. ऊन थेट तळहातावर पोचलं की चटका जाणवतो."

पडद्यावर जयवंतीचा चेहरा पडला. "बांबू काढला? का? बांबूत काय वाईट होतं?"

ऋजुता गालात हसली. "दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"थोडं." जयवंतीने नाक मुरडलं. मग पुन्हा विचारलं, "ती नळीची गोष्ट... आपल्याला कशी नाही सुचली गं?"

"मला तर आत्ता पोटात दुखतंय."

"माझं नाव ठेवलंय का त्यांनी?"

"ठेवलंय. दुसऱ्या ओळीत, माझ्या खाली. पाठ बदलणाऱ्या मुलीचं तिसरं आहे, मैथिली राऊळ."

जयवंतीने वही पुढे ओढली. "तिला फोन लाव," ती म्हणाली. "आता तीन गावं झाली. घेर आणखी नेमका निघेल."