मुकादम जनुकाचे चाळीस पुरावे

डबीत ठोकळा होता, पण ठोकळ्यात काहीच नव्हतं. नुसतं मेण.

मुलगी सकाळपासून नमुना-कोठीच्या खिडकीशी उभी होती. सहा वर्षांपूर्वी तिच्या आईच्या अंडाशयातल्या गाठीचा तुकडा सुईने काढून या मेणात जपून ठेवला होता. आता आजार परत आला होता. गाठ अशा जागी होती की नव्याने सुई घालता येत नव्हती. नवं औषध लागू पडेल का, हे त्या जुन्या तुकड्यावरूनच कळणार होतं.

हॉस्पिटलने चौकशी बाईंकडे सोपवली. बाई निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून पाठीला बाक आला होता, जीभ तेवढी सरळ राहिली होती.

नोंदवहीत त्या ठोकळ्याची शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची होती. कारण : कंट्रोल. खाली तंत्रज्ञाची सही. कंट्रोल म्हणजे रंग नीट चढतोय ना हे पडताळायला वापरायचा खात्रीचा नमुना.

"तुकड्याचे किती पातळ काप काढले?" बाईंनी विचारलं.

"चाळीस," तंत्रज्ञ म्हणाला. "एका बैठकीत. सरच म्हणाले, हिचा रंग झकास येतो, पुढेही लागतील. काचेवर चढवून, रंगवून मला द्या, पण नाव-नंबर घालू नका."

"काप काढायचं पातं कधी बदलता?"

"रोज. सकाळी नवं लावायचं, संध्याकाळी डब्यात टाकायचं. एकाच पात्यावर दोन दिवस मी कधी काढले नाहीत."

सर म्हणजे विभागप्रमुख. त्यांचं नाव झालं ते एका जनुकामुळे. हा जनुक स्वतः फारसं काही करत नाही. दुसऱ्या जनुकांना कामाला लावतो नाहीतर घरी बसवतो. म्हणून विभागात सगळे त्याला मुकादम म्हणत. सरांच्या निबंधात म्हटलं होतं, की अंडाशयाचा कर्करोग झालेल्या ज्या चाळीस बायकांमध्ये मुकादम जोरात होता, म्हणजे स्लाइड गडद तपकिरी आली, त्या सगळ्या निदानानंतर दोन वर्षांत गेल्या. तेव्हापासून कितीतरी ठिकाणी ही तपासणी सुरू झाली होती. स्लाइड गडद आली की डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलत.

सरांनी बाईंना खुर्ची दिली आणि तंत्रज्ञाबद्दल वाईट वाटतं असं सांगितलं. माणूस थकलाय, हात थरथरतो, तुकडा वाया घालवला असेल. आपण तर दोनच काप मागितले होते.

"सही त्याचीच आहे ना?" ते मवाळपणे म्हणाले.

रंग मोजला होता एका संशोधक विद्यार्थिनीने. तिला सरांकडून नंबर घातलेल्या स्लाइडची पेटी मिळायची. कोणता नंबर कोणाचा आणि त्यातली कोण जगली, हे तिला कळू द्यायचं नव्हतं. मोजणाऱ्याचं मन कलू नये म्हणून. ती यादी सरांच्या कपाटात असायची. किल्ली एकच.

बाईंनी ती पेटी मागवली आणि दुपारभर एकेक स्लाइड बघितली. चाळीसही गडद स्लाइडवर कापाच्या उजव्या कडेपासून तेवढ्याच अंतरावर एक केसासारखी उभी रेघ होती. मग कोठीत जाऊन त्या चाळीस मृत बायकांचे ठोकळे काढायला लावले. निदानानंतर वरून ओतलेला मेणाचा थर प्रत्येकावर जसाच्या तसा होता.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या खोलीत चौघं बसले होते : अधीक्षक, सर, तंत्रज्ञ, विद्यार्थिनी. बाई उभ्याच राहिल्या.

"पात्याला खाच असली की कापावर रेघ उमटते," त्या म्हणाल्या. "पातं रोज बदलतं. तीच रेघ चाळीस जणींच्या स्लाइडवर आहे. म्हणजे त्या एका दिवशी, एका पात्याने कापल्या. तसे चाळीस काप एकाच ठोकळ्यातून निघालेत. कोठीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीच्या आईच्या. त्या बायकांच्या ठोकळ्यांना तर कुणी हातच लावलेला नाही."

"म्हणजे यानेच केलं," सर म्हणाले.

"या तंत्रज्ञांकडे स्लाइड होत्या, पण कोण मेलं ते यांना माहीत नव्हतं. या विद्यार्थिनीकडे नंबर होते, पण कोणाचे ते माहीत नव्हतं. गडद स्लाइड एकही चुकून जिवंत बाईच्या नावावर गेली नाही. चाळीसच्या चाळीस मेलेल्यांच्याच नावावर. ते फक्त यादी हाताशी असलेल्यालाच जमेल. ती तुमच्या कपाटात होती."

सर म्हणाले, "जुन्या नमुन्यांवर रंग नीट चढला नसता. काय निघणार ते मला माहीतच होतं. मी वेळ वाचवला."

त्यांच्या आवाजात लाज नव्हती, जरासा त्रागा होता. बाईंना त्या माणसाच्या शेजारची हवासुद्धा नकोशी झाली. त्यांनी खिडकी उघडली. विद्यार्थिनी तोंडावर हात दाबून बाहेर गेली.

सरांना तिथेच कामावरून दूर केलं. अधीक्षक म्हणाले, पेटी पुरावा म्हणून सील करू. बाईंनी दहा स्लाइड सीलसाठी दिल्या. बाकी तीस, काचेवरून पेशी खरवडून आईची तपासणी करायला पाठवल्या. तेवढ्यात भागेल, असं तंत्रज्ञ म्हणाला.

आई बाहेरच्या बाकावर मुलीच्या खांद्याला टेकून बसली होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, काही न झाकता. तिची गाठ चाळीस मेलेल्या बायकांची म्हणून दाखवली होती, आणि तपासणी खरी असती तर ती स्वतः चार वर्षांपूर्वीच जायला हवी होती.

आईने पदर सारखा केला. "ज्यांना त्या माणसाच्या भरवशावर सांगितलं, की आता काही उरलं नाही," ती म्हणाली, "त्यांतल्या कुणी औषध सोडलं असेल का हो?"

बाई आत परतल्या, मुकादमाची तपासणी चालणाऱ्या हॉस्पिटलांची यादी पुढ्यात ओढली आणि पहिल्या नावाला फोन लावला.