चौकटची राणी कुणाच्या हातात

साहेबांनी टायपिस्टबाईंना तीन महिन्यांची मुदत दिली होती. प्रोग्रॅमिंग शिका, मुदतीच्या शेवटच्या शनिवारी पत्त्यांचा साधा खेळ करून दाखवा, नाहीतर घरी बसा. पन्नाशीत बाईंनी पुन्हा श्रीगणेशा केला. घरात त्या एकट्याच. पगार थांबला तर चूल कशी पेटणार, एवढा साधा प्रश्न होता.

शिकवणारे मास्तर फोनवर भेटत. "खेळाडू हा साचा," ते सांगत. "साच्यातून हवे तितके खेळाडू पाडा. प्रत्येकाच्या हातात त्याची त्याची पानं. आणि जोवर कुणीतरी त्याला धरून आहे, तोवरच तो राहतो. सगळ्यांनी सोडला, की यंत्र त्याला पुसून टाकतं."

"माणसांपेक्षा बरं आहे की," बाई म्हणाल्या.

आदल्या शुक्रवारी दुपारी, खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत असताना, बाईंनी दोन खेळाडू पाडले, पानं वाटली आणि मोजली. एक्कावन्न भरली. फोनवर पाठवलेली यादी पाहून मास्तर हसले. "बाई, चौकटची राणी लिहायलाच विसरलात."

विसरतील कशा? कपाटातला जुना जोड समोर ठेवून त्यांनी एकेक पान यादीत उतरवलं होतं. समोर असेल ते टाइप करायचं, डोकं चालवायचं नाही, ही तीस वर्षांची सवय. त्या जोडात राणी नव्हतीच. चाळीस वर्षांपूर्वी धाकट्या भावानं, चिमण्यानं, डाव हरतोय असं दिसताच ती मुठीत लपवली होती. "दे ती, लबाडा, नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं त्याची ताई, म्हणजे बाईच, म्हणाल्या होत्या. तो पळाला तो थेट विहिरीकडे. त्याला वर काढलं तेव्हा मूठ रिकामी होती. बाईंना ते बोलणं आजवर मागे घेता आलं नव्हतं.

राणी यादीत घालण्याआधी त्यांनी पानं पुन्हा एकदा मोजली. बावन्न होती.

"मास्तर... मी अजून काही लिहिलेलं नाही."

"मग प्रत्येक खेळाडूला विचारा, हातात काय आहे. पान काही हवेत राहत नाही."

बाईंनी विचारलं. तीन खेळाडूंनी उत्तर दिलं. तिसऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. हातात एकच पान, चौकटची राणी.

"तुम्हीच कुठेतरी चुकून पाडला असणार," मास्तर म्हणाले. "त्याला कोण धरून आहे ते विचारा, कळेल."

पडद्यावर एकच शब्द आला. ताई.

बाईंनी खेळाडूंची नावं पहिला आणि दुसरा अशी ठेवली होती. त्यांना ताई म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. बंद खोलीत शेवाळाचा वास येऊ लागला.

"सोडा त्याला," मास्तर म्हणाले. "उद्या परीक्षा आहे तुमची."

बाईंनी फोन ठेवला. सोडण्याची ओळ लिहिली, पण बटणावर बोट जाईना. "चिमण्या... मी रागात बोलले रे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डाव तुझाच. जा आता." मग बटण दाबलं. खेळाडू दोन, पानं एक्कावन्न. डोळे पुसून त्यांनी राणी स्वतः यादीत लिहिली.

शनिवारी साहेब दोन डाव खेळले, दोन्ही हरले आणि कागदावर सही केली. नोकरी राहिली.

सोडायचं तर पुरतं सोडावं म्हणून बाईंनी घरी येताच जुना जोड टाकून द्यायला काढला. एकेक पान टेबलावरून उचलून मोजत गेल्या. एक्कावन्न झाली, तरी टेबलावर एक उरलंच होतं. राणी. मुठीत दाबून धरल्यासारखी वाकलेली. त्यांनी हात लावला. पान कोमट होतं.

उचलायला गेल्या, तर ते येईना. टेबलाच्या पलीकडून ते कुणीतरी धरून ठेवलं होतं.