हात हलू देऊ नका, सिस्टर

पहिल्याच दिवशी साधनानं घोळ घातला. टेबलावर पेशंटचं पोट उघडलेलं, डॉक्टर हरिओम घामाघूम, आणि या बाईनं मोबाईलचा कॅमेरा लावला तो स्वतःकडेच! संभाजीनगरहून बघणारे सर्जन, डॉक्टर आदिनाथ, जरा थबकले.

“सिस्टर, मला हर्निया बघायचाय... तुमचे डोळे नाही.” मग खोकून म्हणाले, “म्हणजे — डोळेही बरे आहेत.”

मास्कच्या आत साधना लाजून चूर झाली. अगं बाई, इथं ऑपरेशन चाललंय की दुसरंच काही!

परतूरच्या त्या लहानशा दवाखान्यात सर्जन नव्हता. हरिओम नवे, अजून शिकणारे. आदिनाथ व्हिडिओ कॉलवरून बघायचे, ‘जरा खाली, तिथं टाका घ्या’ असं सांगायचे, आणि साधनानं मोबाईल धरून उभं राहायचं. तास तास. दंड भरून यायचा. “हात हलू देऊ नका, सिस्टर,” हे त्यांचं पालुपद.

हरिओम हात धुवायला गेले, तरी कॉल काही बंद व्हायचा नाही.

“जेवलात?”

“न्हाई अजून. तुम्ही, सर?”

“तुमच्याआधी कसा जेवेन?”

“बिलकुल खोटं बोलून राह्यले तुम्ही!”

ते हसून चहा प्यायचे, डाव्या हातानं. “डावखुरे लोक हुशार असतात म्हणे,” ती एकदा चिडवायला म्हणाली, तेव्हा मात्र त्यांचं हसू मावळलं. साधनाला काही कळलं नाही.

असे आठ महिने गेले. साधनाचा जीव पुरता गुंतला होता, खोटं कशाला बोला. पण हा माणूस परतूरला कधी येईचना. रेल्वेनं दोन तासांची वाट, तरी नुसतं ‘येतो, येतो’. घरी बायको असेल, या विचारानं तिला झोप लागत नसे. त्यात हरिओम शिकत गेले, तसे आदिनाथांचे शब्द कमी होत गेले. चांगलीच गोष्ट की! पण ती मात्र आता उरलेले कॉल मोजायला लागली.

आज शेवटचा कॉल. बाहेर तीन दिवसांपासून अवकाळी पाऊस रिपरिपत होता, वेचायचा राहिलेला कापूस झाडावरच काळा पडत होता. उषाबाई नावाच्या म्हातारीचं ऑपरेशन चाललं होतं. चाळीस मिनिटं आदिनाथ एक शब्द बोलले नाहीत. गरजच पडली नाही. शेवटी म्हणाले, “शाब्बास, हरिओम.” उषाबाईंना बाहेर नेलं, हरिओमही नातेवाइकांशी बोलायला गेले.

“झालं मग, सिस्टर. आता तिथं माझं काम नाही.”

“माझं तुमच्याशी आहे की!” साधना बोलून गेली. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. “येतो येतो म्हणता, येत न्हाई. घरी कोणी आहे का तुमच्या? सरळ सांगा, सर. मी रडणार न्हाई.”

आवाज तर आधीच भरून आला होता.

आदिनाथांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग त्यांनी आपला कॅमेरा हळूहळू खाली वळवला. टेबलावर त्यांचा उजवा हात होता. तीन बोटं आखडलेली, मनगटावर लांब व्रण... आणि हात थरथरत होता.

“दोन वर्षांपूर्वी गाडी उलटली. तेव्हापासून चाकू धरवत नाही. ठरलेलं लग्न मोडलं.” त्यांनी डाव्या हातानं ती बोटं झाकली. “पडद्यावर मी धड दिसतो, साधना. स्टेशनवर उतरलो, की असा दिसेन. म्हणून...”

पहिल्यांदाच त्यांनी तिला नावानं हाक मारली होती. साधनाला हुंदका आवरेना. किती एकटा राहिला असेल हा माणूस!

“एवढंच? आणि मी इथं आठ महिने जीव जाळून राह्यले!” तिनं बाहीनं डोळे पुसले. “या तुम्ही. मी स्टेशनवर उभी राहते.”

“रविवारी... सकाळच्या गाडीनं?” त्यांनी पहिल्यांदाच दिवस सांगितला.

तिनं नुसती मान हलवली. चित्र डुगडुगायला लागलं.

“हात हलतोय तुमचा, सिस्टर.”

“हलू द्या,” ती म्हणाली. “तुमचा हलतो, त्याला मी काही म्हणले का?”