खाडीतली नक्कल

चंपाबाई खाडीवर पक्षी बघायला आल्या नव्हत्या, पोरगी सांभाळायला आल्या होत्या. हडपसरला रोज दीडशे पोळ्या लाटणाऱ्या बाईला बगळ्याचं काय कौतुक? पण पूर्वाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कोकणातलं ते पक्षी अभयारण्य बघायचंच होतं, आणि तिला एकटीला सोडायला चंपाबाई तयार नव्हत्या.

होडी कांदळवनात शिरली तसं भर दुपारी अंधारून आलं. चिखलाचा कुजका, खारट वास. पूर्वाने मोबाइलवर खंड्याचा आवाज लावला. आपलंच कुणी बोलावतंय असं वाटून खरा खंड्या लगेच उडत आला.

होडीवाल्या रंगनाथने वल्हं थांबवलं. "पूर्वाताई, बंद करा ते. इथे नक्कल करायची नाही. झाडीत एक आहे… ते शिकतं."

"भुतं आम्ही छप्पन साली दीक्षेबरोबरच सोडली, दादा," चंपाबाई म्हणाल्या. "तुम्ही होडी चालवा."

लाकडी धक्क्यावर पूर्वा उतरली. "दहा मिनिटांत आले." गुडघे धड नाहीत म्हणून चंपाबाई होडीतच बसल्या. दहाची चाळीस मिनिटं झाली. भरतीचं पाणी धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून गिळायला लागलं. चिखलात बुडबुडे फुटत होते. त्या हाक मारणार, तोच रंगनाथने नुसते हात जोडले. एवढ्या तोंडाळ बाई, पण पदराचं टोक दातांत धरून बसल्या.

शेवटी पूर्वा धावत आली. मांड्यांपर्यंत चिखल. रंगनाथने तिला ओढूनच होडीत घेतलं.

"आई, तू झाडीतून हाक मारलीस ना? 'पूर्वा, इकडे ये.' तुझाच आवाज… मी उतरले चिखलात."

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"मग आठवलं. तू जन्मात कधी मला पूर्वा म्हणाली नाहीस." ती हसायला गेली आणि रडली. "म्हणून फिरले मागे."

चंपाबाईंनी तिला छातीशी आवळलं. "ए म्हशी! अगं ए म्हशी, जीव घेतला असतास माझा!"

रंगनाथचा चेहरा उतरला. "बाई… हळू. पाण्यावर आवाज लांब जातो."

मागची झाडी एकदम गप्प झाली होती. पक्षीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंपाबाई हडपसरच्या घरी तव्यापाशी उभ्या होत्या. हात पिठाने भरलेले. बाहेरच्या खोलीत पूर्वा वहीत डोकं खुपसून पक्ष्यांची नावं लिहीत होती. तिसऱ्या मजल्यावर कुठूनसा कुजका, खारट वास आला. ड्रेनेज तुंबलं वाटतं, असं त्या म्हणणार होत्या.

तेवढ्यात जिन्यातून हाक आली. दरडावणारी, लाडाची, त्यांच्याच गळ्यातली.

"ए म्हशी, इकडे ये."

"आले गं आई," म्हणत पूर्वाने दाराची कडी काढली.