बिल्यानाचा आकडा

इंजिन खडखडलं की रेडिओ मोठा करायचा, हा उपाय बिल्यानाने स्वतः शोधून काढलेला. उन्हाळाभर तिला त्याचा अभिमानही होता. मेकॅनिकची बायको म्हणून अर्धं आयुष्य काढलं, आणि अक्कल एवढी! रेडिओवरचे ढोल कमी पडायला लागले, तेव्हा कुठे तिने दिराला फोन केला.

"किती दिवस आवाज येतोय?" ल्युबिशाने विचारलं.

"येतोय थोडे दिवस."

"वहिनी, दादा असता तर त्याने तुलाच खाली टांगून तेल गाळलं असतं."

दादा नव्हता. मिओद्राग गेल्या हिवाळ्यात याच गॅरेजमध्ये, याच गाडीचं बॉनेट उघडं ठेवून गेला. हातातला पाना तेवढा सुटून पडला होता. आज पितरांचा शनिवार. या दिवशी कामाला हात लावायचा नसतो, पण इलाज नव्हता. सोमवारी सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन, तारीख मिळायलाच वर्ष गेलेलं, आणि दवाखाना घाटापलीकडे. उद्या निघायलाच हवं होतं.

सकाळी बिल्यानाने सासूबाईंना कबरस्तानात नेऊन सोडलं. कबरीवर मेणबत्ती लावली, गोड गहू ठेवला, मिओद्रागच्या कपात काळी कॉफी ओतली. म्हातारी म्हणाली, "तू जा. मी बसते त्याच्यापाशी." डोळ्यांना फक्त उजेड आणि सावल्या कळायच्या, पण हट्ट शाबूत.

दुपारपर्यंत ल्युबिशाने इंजिनाच्या तोंडावरचं झाकण उघडलं. "चेन ठीक आहे. टेन्शनर अडकलाय." चेन ढिली पडू नये म्हणून तिला कायम रेटून धरणारा तो दांडा. नवा मंगळवारशिवाय मिळणार नव्हता. त्याने जुनाच काढून धुतला, दांडा आत दाबला आणि हात पुढे केला. "पिन दे."

"कुठली पिन?"

"दांडा दाबून ठेवायला काहीतरी घालावं लागतं भोकात. बसवून झालं की ओढायचं, मग तो उडी मारून चेनला टेकतो. दादा काय वापरायचा?"

बिल्याना हसली. तिने केसांतला काळा आकडा काढून दिला. मिओद्राग तिचे आकडे पळवायचा ते यासाठीच. एकही कधी परत आला नाही. वर म्हणायचा, 'तुझेच कशावरून?' म्हणून तर ती प्रत्येक आकड्याच्या वळणाला लाल नेलपॉलिश लावायला लागली होती.

ल्युबिशाने टेन्शनर बसवला, झाकण लावलं, तेल भरलं. बाहेर ढग अंगणात उतरले होते. "मार स्टार्टर."

खर्रर्र... असा आवाज या गाडीने आजवर काढला नव्हता. लोखंडाच्या पिंपात कुणी साखळदंड फिरवावा तसा. ल्युबिशाने बंद करायला हात वर केला, आणि तेवढ्यात आतून आवाज आला...

टक.

मग काही नाही. इंजिन इतकं शांत, की बिल्यानाला घड्याळ ऐकू आलं.

"तेल पोचलं आत, म्हणून थांबला आवाज," ल्युबिशा म्हणाला, पण कपाळ पुसत.

दोघं सासूबाईंना आणायला निघाले. धुक्यात रस्ता हातभरच दिसत होता. बिल्यानाच्या डोळ्यांवर केस येत होते. ती ते मागे सारत होती, परत सारत होती... आणि तिचा हात थांबला.

"ल्युबिशा... माझा आकडा?"

"तुझ्याकडेच ना? तू ओढलास ना?"

"मी? मी कशाला ओढेन? मला वाटलं तू..."

त्याने इंजिनाकडे कान लावला. आकडा आत राहिला, तर दांडा दाबलेलाच. चेन सैल. घाटात ती चाकावरून एक दात जरी उडाली तर इंजिनाचा चुरा. पण इंजिन तर मांजरासारखं घुरघुरत होतं.

"बंद नको करू," ल्युबिशा हळूच म्हणाला. "चालू राहू दे."

गाडी तशीच चालू ठेवून दोघं फाटकातून आत गेले. लोक घरी गेलेले. मेणबत्त्या विझल्या होत्या, ओल्या मातीला मेणाचा वास. सासूबाई बाकावर बसल्या होत्या, शाल अंगाभोवती नीट लपेटलेली. एवढी नीट त्यांना स्वतःला लपेटता येत नसे.

"आलास परत?" त्या ल्युबिशाच्या दिशेने म्हणाल्या. "मघाशी आलास तेव्हा तोंडात काय मूग धरले होतेस?"

"आई, मी आत्ताच येतोय."

"पुरे. शाल कुणी गुंडाळली मग? ऑइलचे हात घेऊन आलास, मेल्या. अजून वास येतोय तिला."

बिल्याना खाली वाकली. मिओद्रागचा कप रिकामा होता. तळाला ओला गाळ, आणि गाळात रोवलेलं काहीतरी. तिने ते दोन बोटांनी उचललं. आकडा. वळणाला लाल नेलपॉलिश. बोटांना ऑइल लागलं, आणि चटका बसला. इंजिनातून आत्ता काढावा तसा गरम.

फाटकाबाहेर गाडी घुरघुरत होती.

"ल्युबिशा..." तिने आकडा त्याच्यापुढे धरला. "याने जन्मात एकही परत केला नव्हता रे... उद्या... जायचं ना आपण?"

ल्युबिशाने आकड्याकडे पाहिलं. मग रिकाम्या कपाकडे. शर्टाला हात पुसले.

"जायचं की. फक्त तू मागे बस, आईजवळ. पुढची सीट मोकळी ठेवू."