भर दुपारी लागलेला दिवा

वर्षालीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिच्या घरासमोरच्या खांबाला लावलेल्या शिडीवर होता, आणि खाली उतरता उतरता पहिलंच वाक्य चुकीचं बोलला.

"घरी कोनी मानूस हाय काय? सदस्याची सही लागते."

"सदस्य मीच हाय," ती म्हणाली. "अन् मानूसबी."

ग्रामपंचायतीत निवडून आली होती वर्षाली. पण तिनं फक्त सही करावी आणि बोलायचं ते तिच्या खुशालकाकांनी, हे गावानं परस्पर ठरवून टाकलेलं. काका सकाळीच बजावून गेले होते की अकोल्याहून सोलरवाला येईल, कागद घे, सही करून मोकळी हो. फुलमळ्याच्या रस्त्यावर चौदा खांब. बहुतेक दिवे रात्री आठच्या आतच मरायचे, आणि पहाटे झेंडू तोडायला निघालेल्या बाया मोबाईलच्या उजेडात साप चुकवत चालायच्या. सोलरवाल्यानं आणलेल्या कागदावर मात्र आधीच छापून आलं होतं — सर्व दिवे सुस्थितीत. तिचं डोकंच फिरलं.

सोलरवाल्याचं नाव जीवन. लाजला. खांबाच्या कमरेला असलेली पेटी उघडून त्यानं बॅटरीला मीटर लावलं. तेरा पॉइंट सहा.

"बारा व्होल्टची बॅटरी तेरा दाखवते," ती म्हणाली, "मंग आठच्या आत काहून मरते?"

तो थबकला. असं कुणी विचारलंच नव्हतं त्याला… मग त्यानं खरं ते सांगितलं. वरचं पॅनल आत्ता बॅटरी भरतंय, म्हणून हा आकडा उन्हाचा, बॅटरीचा नव्हे. बॅटरीचा दम पाहायचा तर पॅनल सोडवून दिव्याचा भार तिच्यावर टाकावा लागतो.

"मंग टाका."

त्यानं पॅनलची वायर काढली. खांबाला रात्र कळते ती एवढ्यावरूनच — वरून येणारा दाब गेला की. आणि अकोटकडच्या त्या भर दुपारच्या उन्हात दिवा लागला. वर्षालीला हसू आवरेना. जीवन दिव्याकडे पाहायचं सोडून तिच्याकडेच पाहत राहिला…

दोघं निंबाखाली बसले, मधे मीटर. आकडा उतरू लागला. बारा सहा… बारा एक…

"भार नसला की साऱ्याच बॅटऱ्या चांगल्या दिसतात," तो म्हणाला.

"मले पाहाले येनारे पोट्टेबी तसेच. पोहे सरेपर्यंत तेराच दाखवतात."

"अन् मी?"

"तुमच्यावर भार पडलाच कुठं अजून?"

तो पडलाच. सुपरवायझरचा फोन आला. सही आजच पाहिजे, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नको. जीवननं फोन खिशात टाकला. मीटर दहा सातवर आलं आणि दिवा विझला. पुरती वीस मिनिटंही झाली नव्हती. त्यानं कागद मांडीवर घेतला आणि 'सुस्थितीत'वर आडवी रेघ ओढली.

दिवस मावळेपर्यंत चौदाही खांब तपासून झाले. शिडी तिनं धरली. नऊ नापास. त्यानं तसं लिहून आधी स्वतः सही केली, मग तिनं. शेवटची एसटी आली… त्यानं नंबर मागितला नाही, तिनं दिला नाही. दोघंही मूर्ख.

काका आठ दिवस आदळआपट करत होते. तिनं करू दिली. दीड महिन्यानं नव्या बॅटऱ्या आल्या, पण बसवायला दुसराच माणूस. जीवनले काढलं, तो नवा माणूस म्हणाला, आता अकोल्यात जळालेल्या पंपाच्या मोटारी बांधायच्या दुकानात असते.

तिनं दुकानाचा पत्ता घेतला. पुढच्या सोमवारी अकोल्याच्या बाजारात झेंडू उतरवला आणि सरळ तिथं गेली.

तो तारांच्या वेटोळ्यातून उठला. "पुन्हा दिवे गेले काय?"

"नाई. पहाटेपर्यंत जळतात."

"मंग… काही काम होतं?"

"लग्न करता काय माह्यासंग, हे विचाराले आली."

दुकानातली ठोकठोक थांबली. मालकानं चष्मा कपाळावर चढवला.

"करतो," जीवन म्हणाला. मग हळूच — "मले वाटे, तुमी दिव्यापायीच बोलत होत्या."

"दिवे तर लागले ना आता," ती म्हणाली. "तरी आलीच मी."