निकुरे जाळी

उष्मानियंत्रण केंद्राच्या भिंतीवरचा सोनेघाट शहराचा नकाशा सकाळपासून हिरवागार होता, आणि डॉ. विशाखा रामटेके यांना त्या हिरव्या रंगाची आता चीड येऊ लागली होती. नकाशा म्हणत होता, त्रेचाळीस अंश. सोनेघाटच्या दवाखान्यातला डॉक्टर फोनवर सांगत होता की बाराला शहराची वीज गेली, दुपारी एकपर्यंत उष्माघाताने एकोणीस माणसं दगावली आणि त्याच्या टेबलावरचा तापमापक एक्कावन्न दाखवतोय. केंद्र तिथून दीडशे किलोमीटर दूर होतं. आत छान गार होतं.

हा उष्मानकाशा विशाखाच्याच डोक्यातून निघालेला. पूर्वी तापमान मोजायची यंत्रं कचेऱ्यांच्या आवारात कडुनिंबाखाली बसवलेली असत आणि सावलीचं तापमान गावाच्या माथी मारत. प्रत्येक मोटारीत मात्र बाहेरची हवा मोजणारा संवेदक असतोच. शहरातल्या तीस हजार चालू गाड्यांचे आकडे घ्यायचे, सरासरी काढायची, की झाला नकाशा. उभ्या गाडीचा संवेदक बोनेटच्या धगीनं भलतंच सांगतो, म्हणून फक्त चालू गाड्या मोजायच्या. तीस हजार गाड्या एकाच वेळी खोटं बोलणार नाहीत, हे तिचं वाक्य सरकारी परिपत्रकातही छापून आलं होतं.

शहराबाहेर नऊ किलोमीटरवर बंद पडलेल्या भूमिगत खाणीत शीतालय होतं. सगळं शहर मावेल एवढं, पण ते चालवायला वेगळ्या वाहिनीवरून अर्ध्या जिल्ह्याची वीज ओढावी लागे. म्हणून त्याचं दार नकाशाच्या हाती दिलेलं. सरासरी सलग दहा मिनिटं अठ्ठेचाळीसच्या वर राहिली तर दार उघडणार, दहा मिनिटं खाली राहिली तर मिटणार, आकडाच नसेल तर मोजणीसकट सगळं आहे तसं थांबून राहणार. सुरुवातीला चावी माणसांकडे होती. तेव्हा एका नगरसेवकानं मुलीचं लग्न पंगतींसकट आत उरकून घेतलं आणि चावी गेली. आता दार उघडा, असं सांगायला विशाखानं वरच्या साहेबांना फोन केला. त्यांनी नकाशा पाहिला आणि त्रेचाळीस तर दरवर्षीच असतं, असं म्हणून फोन ठेवला.

शेवटी तिनं डॉक्टरकडे दवाखान्यासमोरच्या गाड्यांचा फोटो मागितला. प्रत्येक गाडीच्या नाकावर तपकिरी, ओलसर, चटईसारखं काहीतरी बांधलेलं होतं. हे काय, असं विचारल्यावर डॉक्टरला तिच्या अज्ञानाचं नवल वाटलं. ही निकुरे जाळी. दोन वर्षं झाली, सगळं गाव लावतं. त्यानं नंबरही दिला.

प्रल्हाद निकुरेचं गॅरेज शहराच्या टोकाला, खाणीच्याच रस्त्यावर होतं. व्हिडिओ कॉलवर तो दिसला तेव्हा मागे खाटेवर त्याची बायको कुंदा ओल्या चादरीत निजलेली होती. पेट्रोलच्या भडक्यात वीस वर्षांपूर्वी तिची पाठ, छाती, हात भाजले होते. भाजून भरलेल्या कातडीला घाम फुटत नाही. उन्हाळ्यात ती जगायची ते केवळ प्रल्हादनं वर टांगलेल्या डब्यातून चादरीवर ठिबकणाऱ्या पाण्यावर. जाळीची कल्पना त्याला तिथंच सुचली होती, आणि ती सांगायची संधी तो सहसा सोडत नसे.

टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, ती निववायला पुढे इंटरकूलर असतो. पण बाहेरचीच हवा भट्टीसारखी असेल तर इंटरकूलर तरी काय करणार? मग गाडीचा संगणक टर्बोचा जोर काढून घेतो आणि चढावर गाडी रडते. प्रल्हादनं जुन्या कूलरची वाळ्याची ताटी कापून पुढे बांधली. तेलाचा पाच लिटरचा डबा, माशांच्या पेटीतला पंप आणि ठिबकायला सलाईनची नळी, ती कुंदाच्या उपचारांतून उरलेली. बोनेटच्या मागच्या बिजागरीत दोन-दोन वायसरच्या चकत्या घालून गरम हवेला फट ठेवली. चारशे रुपयांत काम झालं. त्यानं कृती फुकट मोबाइलवर टाकली, कुणाकडून पैसा घेतला नाही.

"ताटीमागं हवा आठ अंशानं पडते मॅडम," तो अभिमानानं म्हणाला. "गाडी कशी पळते मंग."

"बाहेरच्या हवेचा संवेदक कुठे असतो, निकुरे?"

"तो त इंटरकूलरच्या समोरच..." असं म्हणून तो थांबला. त्याला सगळं सांगावं लागलं नाही. गाडीला जो आकडा जात होता तोच नकाशाला जात होता. त्यानं गाड्यांना गारवा दिला आणि गाड्यांनी तो इमानदारीनं केंद्राला कळवला.

उपाय सरळ दिसत होता. सगळ्यांनी जाळ्या काढायच्या, गाड्या सुरू करून खाणीकडे निघायचं. नकाशा तांबडा होईल, दार उघडेल. अठ्ठेचाळीसच्या वर टर्बोचा जोर जातो, पण गाडी चालत राहते, असं प्रल्हादनं सांगितलं. जाळी नव्हती तेव्हा लोक असेच रडतखडत खाणीपर्यंत पोचायचे. त्याचं लोक ऐकतील याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. निरोप मोबाइलवर टाकण्याआधी मात्र तो घुटमळला.

"मॅडम, माही एक गाडी तशीच ठेवू का? जोर गेला त उशीर होईल, अन् इले उशीर सोसत नाई."

विशाखानं मनात भागाकार केला. तीस हजारांत एक. "ठेवा," ती म्हणाली. "एका गाडीनं सरासरीला काही होत नाही."

प्रल्हादनं हात जोडून गावाची माफी मागितली आणि जाळ्या काढा म्हणाला. कुणी लगेच काढल्या, कुणी बायकापोरं गाडीत बसवून मग. नकाशा पिवळा झाला, नारिंगी झाला, तांबडा झाला. दोन वाजून दहा मिनिटांनी शीतालयाचं दार उघडल्याचा दिवा लागला. विशाखाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं प्रल्हादला कुंदाला गाडीत घेऊन निघायला सांगितलं आणि फोन चालूच ठेवला.

मग तिच्या ध्यानात आलं, ठिपके विझत होते.

आधी तिला यंत्रणेतला बिघाड वाटला. पण प्रल्हादला रस्त्यावर गाड्या बंद पडलेल्या दिसत होत्या, एकामागून एक. पुढे निघून अडकलेल्या एका टॅक्सीच्या पडद्यावरचा संदेश त्यानं वाचून दाखवला: हवा पन्नासच्या वर, पाच मिनिटांत इंजिन बंद, तासभर सुरू होणार नाही. पूर्वी पारा हळूहळू चढायचा. अठ्ठेचाळीसला दार उघडायचं आणि पन्नास गाठेपर्यंत लोक आत पोचलेले असायचे. मधले ते दोन अंश हाच पळायचा वेळ होता. आज जाळी निघताच आकडा त्रेचाळीसवरून थेट एक्कावन्नवर गेला होता. अठ्ठेचाळीस तिला ठाऊक होतं आणि पन्नास गाडीच्या कंपनीला. दोघांचं कधी बोलणं झालं नव्हतं.

पाच मिनिटांत भिंत काळी झाली. खाणीच्या रस्त्यावर एकच ठिपका सरकत होता, हिरवा. चालू गाडी एक, सरासरी त्रेचाळीस. कोपऱ्यात दार मिटायची उलटी मोजणी सुरू झाली होती.

"किती राहिलं?" विशाखानं विचारलं.

चार किलोमीटर. पण बंद गाड्या चुकवत, रस्त्याखाली उतरत जावं लागत होतं. पंधरा मिनिटं तरी लागतील. मागे लोक पायी निघाले होते, पोरांना खांद्यावर घेऊन. मोजणीत सहा मिनिटं उरली होती. तिनं त्याला ते सांगितलं, कारण न सांगणं तिला जमलं नाही. त्याची गाडी चालत राहिली तर तो पोचायच्या आत दार मिटेल. जाळी आत्ता काढली किंवा तिथं जाऊन काढली तरी इंजिन पाचच मिनिटं चालेल, आणि सुरू झालेली मोजणी मोडायला किंवा मिटलेलं दार उघडायला सलग दहा लागतात. गाडी आत्ता बंद केली तर मात्र आकडाच उरणार नाही आणि दार उघडं राहील. जे चालू शकतात त्यांच्यातले काही कदाचित पोचतील.

"अन् ही?" प्रल्हाद म्हणाला.

 गाडी आणखी दोन मिनिटं चालली. विशाखानं त्याला घाई केली नाही, तेवढंच तिच्या हातात होतं. मग मागून कुंदाचा आवाज आला, कोरडा पण शांत.

"बंद करा. लोकायची लेकरं हाय मागं."

भिंतीवरचा शेवटचा ठिपका गेला. फोनवर बोनेटचा आवाज आला, मग ताटी सोडवल्याचा. प्रल्हाद कुंदाला गाडीच्या सावलीत निजवत होता, तिच्या अंगावर ओला वाळा पसरत होता. पंप त्यानं बॅटरीला जोडला. डब्यात दीड लिटर पाणी आहे, असं तो म्हणाला.  विशाखा पंपाची घरघर ऐकत बसली. वीसेक मिनिटांनी पंप नुसता हवा ओढू लागला तरी तिला फोन ठेवता आला नाही.

तीन वाजता यंत्रणेनं नेहमीप्रमाणे मंत्रालयाला आपोआप अहवाल पाठवला. त्याची प्रत विशाखाच्या पडद्यावर आली. सोनेघाट शहर, चालू गाड्या शून्य. शेवटची नोंद त्रेचाळीस अंश. परिस्थिती सामान्य.